जननीच्या लहानपणाची साक्षीदार

—बोलू नका, बोलू नका! कापूस घट्ट दाबून धरा. दाढ काढल्यावर बोललं की रक्त थांबत नाही. आमच्या यजमानांचं असंच झालं — माधवराव आमचे — दात काढून घरी आले आणि जिन्यातच उभं राहून शेजाऱ्यांना दाताची असकी कथा सांगत बसले. असकी म्हणजे सगळी. आमच्या तंजावरच्या मराठीत सगळ्याला असकं म्हणतात. मग काय, परत दवाखाना. तुम्ही आपली नुसती मान हलवा. हो तर अशी, नाही तर अशी. सरी? म्हणजे, ठीक? मगाशी फोनवर म्हणालात ना, 'अहो, दाढ काढली एकदाची, या आता न्यायला' — तोंडात कापूस, तरी मला एकेक शब्द कळला. म्हटलं, अय्यो, मराठी बाई! आणि चेन्नईत नवीन आहात, तेही कळलं. काउंटरवरची मुलगी 'उक्कारुंगो, उक्कारुंगो' म्हणत होती आणि तुम्ही आपल्या उभ्याच. उक्कारुंगो म्हणजे बसा. आता लक्षात ठेवा. माझं मराठी कळतंय ना? तुमच्यासाठी मी टीव्हीवरच्या मालिकांतलं काढलंय. घरी बोलतो ते ऐकाल तर हसू येईल तुम्हाला, आणि हसायचं नाही, कापूस पडेल. तीनशे वर्षांपूर्वी आमचे लोक तंजावरला आले, येताना जी मराठी बांधून आणली तीच अजून पुरवून पुरवून वापरतोय, कमी पडली की तमिळ घालतो वरून.

मी? नाही नाही, माझे दात आहेत सगळे. मी त्या निळ्या पडद्याच्या दारासाठी बसलेय. ते दाताचं नाही, कानाचंही नाही — ते मनाचं. अशा बघू नका, वेड लागलेलं नाही कुणाला. माझी लेक आहे आत, जननी. डॉक्टर कृष्णवेणी म्हणून आहेत, इतक्या लहान दिसतात की मला वाटलं डॉक्टरांची मुलगी खेळायला आलीय. तर जननीला जाणून घ्यायचंय की तिला ऑटिझम आहे का. वय काय तिचं? सदतीस! मीही हेच म्हटलं. म्हटलं, अगं कन्ना — लाडानं म्हणतो आम्ही, तुमचं सोन्या तसं — गालगुंड मोठेपणी होतात हे ऐकलंय, हे पण होतं का? तर म्हणते, 'अम्मा, तो होत नाही, असतो. पहिल्यापासून असतो.' पहिल्यापासून असेल तर मला दिसला नसता? घरात पाल आली तर मला दिसते. आणि गंमत बघा, हे तपासायला रक्त घेत नाहीत, फोटो काढत नाहीत. ते लहानपण विचारतात. मोठ्या माणसाचं लहानपण बघितलेलं कुणीतरी लागतं त्यांना, म्हणजे साक्षीदार. कोण? मी. तिचं झालं की मला बोलावणार आत.

आणि मी काय सांगणार ते ठरवून आलेय. जवळ या जरा. काउंटरवरच्या मुलीला मराठी येत नाही, पण चेहरा वाचते ती. मी सांगणार — सगळं नॉर्मल. एकदम नॉर्मल. खेळली, खाल्लं, हसली, शाळेत गेली. डॉक्टर थँक्यू म्हणतील, आम्ही खाली उतरून कॉफी पिऊ, विषय संपला. का म्हणजे? अहो, नाव एकदा चिकटलं की सुटत नाही. चेन्नईत आमची माणसं ती किती, अण्णानगरला कुणी शिंकलं तर मैलापूरला औषध सुचवतात. आणि कशाला? कमावते, स्वतःचं बघते, देवाच्या दयेनं. लग्न नाही केलं तिनं, ते एक आहे. एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला, कोइंबतूरला नोकरी. दोघांना बोलायला बाल्कनीत पाठवलं. त्यानं विचारलं, माझ्यात काय आवडलं? तर म्हणाली, 'शर्ट.' झालं. तो हिरमुसला. मी आत येऊन तिला म्हटलं, अगं असं बोलतात का, तर म्हणे, 'पण अम्मा, शर्ट खरंच चांगला होता.' आणि होताही, खोटं कशाला बोलू. फिकट हिरवा.

मग आताच हे कुठून निघालं, असं विचारताय ना? डोळ्यांनी विचारताय, कळतं मला. ट्यूबलाइटवरून. ती श्रीपेरुंबुदूरला एका कारखान्यात आहे, गाड्यांत बसवायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू तपासते, सकाळी कंपनीची बस घेऊन जाते, संध्याकाळी सोडते. बारा-चौदा वर्षं तिला एक बंद खोली होती, ती आणि तिची यंत्रं, कुणाची तक्रार नाही. यंदा काय केलं, सगळ्या भिंती पाडल्या. आता म्हणे सगळ्यांनी एका मोठ्या हॉलमध्ये बसायचं, म्हणजे प्रेम वाढतं. तिथं चाळीस माणसं, चाळीस फोन, कुणी चिप्स खातंय, कुणी पेन टकटक करतंय. पोर घरी यायची ती सरळ खोलीत जाऊन जमिनीवर पालथी पडायची. जेवायला उठायची नाही. असं महिनोन्‌महिने. मी म्हणायची, रक्त कमी झालं असेल, बीट खा. मग एक दिवस मोठी मीटिंग होती. साहेब बोलतायत, मॅनेजर बोलतायत, आणि वरच्या ट्यूबलाइटचा बिघडलेला स्टार्टर आवाज करतोय — ग्ग्ग्ग्ग असा. कुणाला ऐकू येत नव्हता म्हणे. हिनं काय केलं? उठली, खुर्चीवर चढली, खुर्चीवरून टेबलावर, साहेबांच्या कागदांना पाय न लावता — तेवढी शिस्त आहे तिला — ट्यूबचा स्टार्टर फिरवून काढला, पर्समध्ये ठेवला, खाली उतरून बसली आणि म्हणाली, 'हं. आता बोला.'

हसू नका! कापूस! ...मीही हसले होते. आतल्या खोलीत जाऊन. पण कंपनी हसली नाही. बोलावून सांगितलं, असं परत झालं तर बघा. गुम्मिडिपूंडीच्या फॅक्टरीत पाठवू म्हणाले, ते कुठं आलं, आमच्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या रात्री जेवताना जननी ताटाकडे बघत म्हणाली, 'अम्मा, मला वाटतं मी नोकरी सोडावी. मला माणसांत राहता येत नाही.' अशी सहज म्हणाली, मीठ वाढ म्हणावं तशी. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मग तिची ऑफिसातली मैत्रीण आहे, नित्या, एकच आहे पण चांगली आहे — तिनं सांगितलं, नोकरी सोडू नकोस, आधी तपासून घे. तिच्या भावाचं झालंय. असं काही निघालं तर तुला कंपनीकडे शांत खोली मागता येईल, आणि नाही निघालं तरी निदान कळेल. झालं, तेव्हापासून ही वाचतेय, व्हिडिओ बघतेय, जाऊ का नको जाऊ, जाऊ का नको जाऊ. दोनदा नाव नोंदवलं आणि दोनदा रद्द केलं. तिला भीती निघेल याची नाही हो. भीती ही की नाहीच निघालं तर? म्हणते, 'मग मी नुसतीच वाईट माणूस ठरते ना, अम्मा.' आता अशा पोरीला काय सांगायचं. मी म्हटलं, जा बाई, मी येते बरोबर. म्हणजे मीच तिला पाठवलं, आणि मीच इथं बसून खोटं बोलायची तयारी करतेय. आहे की नाही मजा?

तर आता एक काम करा माझं. तुम्ही डॉक्टर व्हा. तुम्हाला काही बोलायचं नाही, डॉक्टरही गप्पच बसतात आणि आपल्याकडून बोलवून घेतात. मी सराव करते. पहिला प्रश्न — मुलगी इतर मुलांबरोबर खेळायची का? उत्तर — हो, भरपूर! आम्ही आवडीला, म्हणजे आवडी नावाच्या गावी, क्वार्टर्समध्ये होतो, यजमान तिथं रणगाड्यांच्या कारखान्यात, ब्लॉकभर पोरं. सगळी पोरं आमच्याच घरी असायची खेळायला. आणि जननी? ती पण तिथंच. बाहेर. चपला लावत. म्हणजे काय, पोरं आत खेळायची आणि ही दाराबाहेर त्यांच्या चपला ओळीनं लावायची, लहानापासून मोठ्यापर्यंत. जोडीनं नाही हं, मापानं. डावी-उजवी एकत्र असायलाच हवी असं काही नाही. मग आमच्या चपला संपल्या की शेजारच्या, मग वरच्या मजल्याच्या. ब्लॉकमधली माणसं ड्यूटीला निघाली की आधी आमच्या दारात यायची चपला शोधायला. नागोजीराव म्हणून होते, ते तर रोज हसत यायचे, म्हणायचे, माझी आज कितव्या नंबरला आहे? — हे नाही सांगायचं ना? नको. नुसतं 'भरपूर खेळायची' म्हणते.

दुसरं — खाण्याचं काही? नाही, असकं खायची. इडली, दहीभात, इडिअप्पम म्हणजे तांदळाच्या शेवया, दूध, खोबऱ्याची बर्फी... हो, पांढरंच. पण पांढऱ्यात काहीही. चटणी इडलीला लागली तर मात्र ती इडली मेली, तिला हात लावायची नाही. मग मी वेगळ्या वाटीत द्यायची. त्यात काय, माझंही तसंच आहे, माझ्या ताटात वरण भाजीला लागलं तर मला — जाऊ दे. तिसरं — आवाजाचा त्रास व्हायचा? छे! म्हणजे दिवाळीत व्हायचा, तो सगळ्यांनाच होतो. कुकरची शिट्टी? नाही, आमच्या घरी कुकरच नाही. कधीच नव्हता. तिच्यासाठी नाही हो, मला सोसत नाही ती शिट्टी. लग्नात मिळाला होता, सासूबाईंनी एकदा लावला, मी अंगणातून पार रस्त्यावर. अजून भात पातेल्यात करते. शेजारणी म्हणतात, भवानी किती जुन्या वळणाची. मी पण म्हणते, हो हो, पातेल्यातल्या भाताची चवच वेगळी.

बघा, किती साधं आहे. काही आहे का यात? तेच म्हणते मी डॉक्टरांना — अहो, यात काही नाही, आमच्या घरात सगळे असेच. माझे वडील असेच होते, जेवताना कुणी बोललं की ताट उचलून परसात. मी अशी, माझी लेक अशी. मग तिच्यातच काय निघणार?

...काय झालं? दाढ दुखतेय? नाही? मग अशा का बघताय?

बरं ऐका, एक सांगते, म्हणजे तुम्हाला पटेल. आमच्या नात्यातल्या श्रीविद्याचं लग्न होतं, तांबरमला, मोठा हॉल, तीन-तीन माइक, नादस्वर, ती पोरं नाचायची गाणी लावतात ती, आणि नवी पट्टूसाडी, रेशमी, जरीचा काठ मानेला असा घासतोय की जणू कुणी खवणी फिरवतंय. पण मी लग्नात कधी बाहेर बसतच नाही. मी कोठीघर सांभाळते. सगळे म्हणतात, भवानी म्हणजे कामाला वाघ, लग्नाला आली की पदर खोचून कोठीत. तर काय आहे, कोठीला दार असतं. दार लावलं की आत तांदळाची पोती, केळीचे घड, नारळ, गुळाचा वास. कुणी 'ओळखलंस का' म्हणून विचारत नाही. नारळ विचारतात का? मी आत जाऊन साडीच्या काठाखाली जुना पंचा सरकवला, पोत्यावर बसले, तेवढ्यात दार वाजलं. जननी. तिचा चेहरा असा पांढरा झालेला. मी सरकले जरा. ती बसली. समोर मैसूरपाकाचं ताट होतं, पाहुण्यांसाठी झाकलेलं. तिनं एक घेतला, मी एक घेतला. बाहेर मंगळसूत्र बांधलं, ढोल वाजले, अक्षता पडल्या, आम्ही दोघी आत पोत्यावर, खांद्याला खांदा, एक शब्द नाही. मैसूरपाक मात्र संपला. नंतर ओरड झाली, कुणी खाल्ला, कुणी खाल्ला, आम्ही दोघी इतक्या शहाण्यासारख्या शोधायला लागलो! सांगू का, आम्हा मायलेकींची सगळ्यात चांगल्या गप्पा मारलेली संध्याकाळ कुठली विचाराल, तर तीच. आणि बोललो काही नाही.

म्हणून मी तिला लहानपणापासून सगळं शिकवलं ना. जे माझं मला शोधून काढायला निम्मं आयुष्य गेलं, ते तिला आयतं दिलं. डोळ्यांत बघवत नाही ना, मग कुंकवाकडे बघायचं, समोरच्याला वाटतं डोळ्यांतच बघतेय. पुरुष असेल तर भुवयांच्या मध्ये. आता मी तुमच्या टिकलीकडेच बघतेय, कळलं का तुम्हाला? नाही ना कळलं! बघा. विनोद झाला की आधी दुसऱ्याला हसू द्यायचं, मग आपण, आणि थांबायचं मात्र सगळ्यांच्या आधी. कुणाच्या घरी गेलं की तब्येत, मुलं, मग 'आज काय केलं जेवायला'. ते संपलं की पाणी मागायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं — घरातून निघताना न्हाणीघरात सगळं बोलून बघायचं. भाजीवाल्याशी काय बोलायचं, तो काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं. शाळेत मी हिंदी शिकवायची, निवृत्त होईपर्यंत रोजचा तास पहाटे न्हाणीत घेऊन मगच शाळेत जायची. संध्याकाळी घरी आले की जीभ उचलायची नाही, माधवरावांना ठाऊक, ते कॉफी करून ठेवायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे. दमतोच की माणूस दिवसभर माणसासारखं वागून. हे तर सगळ्याच बायका करतात, कुणी बोलून दाखवत नाही इतकंच. तुम्हीही करतच असणार. आज दाताच्या डॉक्टरकडे येताना सकाळी न्हाणीत बोलून बघितलंच असेल ना, कुठली दाढ, कधीपासून दुखते —

नाही?

बरं, दाढेचं नसेल, दुखत असताना कुठं सुचतं. पण मगाशी नवऱ्याला फोन केलात, तो तरी? तो तसाच? न ठरवता? फोन उचलला आणि बोललात?

आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघता तुम्ही. सरळ. आणि काही होत नाही. ...कधीच? लहानपणीही नाही?

मान जरा हळू हलवा. कळलं मला.

थांबा हं. जरा थांबा. पंखा केवढा आवाज करतोय हा. तुम्हाला येतोय ऐकू? — नको, नका सांगू.

मी रिक्षात बसून ठरवलं होतं, बाकावर शेजारी कुणी आलं तर काय बोलायचं. तमिळ बाई असेल तर हे, तेलुगू असेल तर ते. मराठीचं ठरवलं नव्हतं. मराठी कुणी असेल असं वाटलंच नाही. म्हणून हे असं झालं, असकं बाहेर पडलं.

आज आम्ही निघालो तेव्हा माधवराव दाराशी आले होते. ते कधी येत नाहीत. म्हणाले, 'दोघींचंही विचारून या.' मला वाटलं बीपीचं म्हणतायत. म्हटलं, माझं बीपी ठीक आहे, मागच्याच महिन्यात बघितलं. तर हसले, आणि माझ्या चपला पुढं सरकवल्या. चाळीस वर्षं तो माणूस पेपर तोंडासमोर धरून बसलाय, मला वाटायचं राजकारणाची फार आवड.

पडदा हलला. आली वाटतं. — हो गं, येतेय! — बघितलंत, कशी उभी आहे? अंगठे मुठीत. म्हणजे घाबरलीय. बाहेरून कुणाला कळायचं नाही, इतकं छान शिकवलंय मी. डॉक्टरांना काय कळणार आहे मग? कुणी सांगितल्याशिवाय? मी आत जाऊन 'सगळं नॉर्मल' म्हटलं की ती घरी येऊन परत पालथी पडणार, वाईट माणूस म्हणून. आणि मी बीट किसणार.

नाही. सांगते सगळं. चपलांपासून सांगते, इडली सांगते, ट्यूबलाइटला मी हसले तेही सांगते. वेळ लागेल त्यांना, लागू दे, घेतील की पुढचा पेशंट उशिरा. माझं? माझं बघू. आधी तिचं होऊ दे. फार तर डॉक्टरांना शेवटी सहज विचारीन, की एक बाई आहे माझ्या ओळखीची, चौसष्ट वर्षांची, निवृत्त, तिच्या वयाला हे बघतात का. त्यांना कळेल म्हणता? कळू दे.

— आले गं कन्ना, या बाईंशी बोलत होते, मराठी आहेत. नाही, त्यांनी नाही डोकं खाल्लं माझं, मीच त्यांचं.

बसा हं तुम्ही. नवरा येईल आता. आणि एक सांगते, पुन्हा कुठं दिसले, देवळात म्हणा, भाजीबाजारात म्हणा, तर मागून एकदम हाक मारू नका. आधी लांबून हात करा, मग जरा थांबा. मी तयार झाले की मीच येईन.